छातीएवढ्या पाण्यापर्यंत

साने काकांनी तिसरी स्लाइड लावली आणि मला खोबऱ्याचा वास आला.

अमेरिकेतल्या कॅरीच्या त्या क्लबहाउसमध्ये चहाचा मोठा थर्मास होता, बटाटेवड्यांचे ट्रे होते, भिजलेल्या कोटांचा वास होता. आणि तरी आला. उन्हात पसरलेल्या खोबऱ्याचा, जरा आंबूस, जरा गोड, घशाच्या मागे जाऊन चिकटून बसणारा. पडद्यावर एक रस्ता होता. पांढऱ्या पोवळ्याच्या चुऱ्याचा. एकच, कारण दुसऱ्या रस्त्याला तिथे जागा नाही. एका बाजूला लगूनचं, म्हणजे बेटांच्या कड्याआतलं शांत पाणी, दुसऱ्या बाजूला खवळलेलं पाणी, मध्ये माणसं. प्रशांत महासागरातली मार्शल बेटं, त्यातलं जालुइत. सात वर्षांची असल्यापासून दहा वर्षांची होईपर्यंत मी त्या रस्त्यावर अनवाणी चालले आहे.

"तर मंडळी, डाइव्हिंग प्लस हिस्टरी!" काका म्हणाले. "सकाळी पाण्याखालची जहाजं, दुपारी किनाऱ्यावरच्या जपानी तोफा. तिकडच्या छोट्या विमानाचा काही भरवसा नाही, म्हणून राजधानीहून आपण अख्खी बोट ठरवतोय. आठ जण झाले की बोट आपली. सातला कॅन्सल."

साने काका औषधांच्या कंपनीत आहेत. पन्नाशी ओलांडल्यावर रॉलीजवळच्या, पाण्याने भरलेल्या एका जुन्या दगडखाणीत डाइव्हिंग शिकले आणि तेव्हापासून कॅरीतल्या अर्ध्या मराठी माणसांना त्यांनी पाण्याखाली नेऊन सुखरूप वर आणलंय. माणूस वाईट नाही. स्पष्ट सांगते, माणूस चांगला आहे आणि हीच अडचण आहे. चांगल्या माणसांविरुद्ध पत्रक लिहिणं फार कठीण.

चौथी स्लाइड अणुबॉम्बच्या ढगाची होती. "आणि ही हिस्टरी," काका म्हणाले. मागच्या रांगेतून कुणीतरी "वॉव" म्हटलं.

वॉव. ज्या देशात बसून आपण वडे खात होतो, त्या देशाने ती बेटं प्रयोगासाठी वापरली. माणसं उचलून दुसरीकडे नेऊन ठेवली, लगूनमध्ये जहाजं उभी करून वर बॉम्ब फोडले. आणि आता त्याच बेटांच्या गळ्याशी समुद्र आलाय, तोही आपल्याच धुरामुळे. आणि आपण म्हणायचं वॉव.

मी उठले आणि झोळीतली पत्रकं वाटायला लागले. मी हेच काम करते. बेटांच्या बाजूने भांडणाऱ्या एका छोट्या गटात आहे. कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहिते, छापते, घड्या घालते, वाटते, लोकांनी टाकलेली उचलून पुन्हा वाटते. हे पत्रक मुद्दाम मराठीत केलं होतं, कारण क्लबहाउसमधले लोक इंग्रजी पत्रक घेतात आणि त्यावर वडा ठेवतात. वर मोठा मथळा: त्यांची थडगी हा तुमचा नजारा नाही. खाली फोटो: भरतीने उखडलेला किनारा, कलंडलेले सिमेंटचे क्रॉस, फुटलेले चौथरे.

"अगं, मी काय बॉम्ब टाकला का यार?" काका म्हणाले.

"बघायला तर निघालात," मी म्हटलं.

"बघितल्याशिवाय कळणार कसं?"

"वाचून. मी लिहिलंय, वाचा."

लोक हसले. पण वाचलंही. पत्रक वाचणाऱ्या माणसाचा चेहरा कसा बदलतो ते मला ओळखता येतं. कपाळापासून सुरुवात होते. मी खूश होते. मग चहाच्या टेबलापाशी गेले आणि तिथे ठेवलेली नावांची यादी पाहिली. पहिलं नाव आईचं होतं.

माझ्या आईला पोहता येत नाही. समुद्रावर गेलो तर ती घोट्यापर्यंत उतरते आणि साडी नसतानाही साडी वर धरल्यासारखा हात धरते. ती कशासाठी निघालीय, हे मला यादीसमोर उभी असतानाच कळलं. विचार करावा लागला नाही. माझा भाऊ त्या बेटावर आहे. चार दिवसांचा. सतरा वर्षांपासून.

आम्ही तिथे का गेलो ते सांगत बसत नाही. बाबांना गणित शिकवायची नोकरी मिळाली, एवढं पुरे. आठवतं ते हे की रत्नागिरी सोडून चार विमानं आणि एक बोट करून आम्ही उतरलो, आई पाच दिवसांत एक अक्षर बोलली नव्हती, आणि भाड्याच्या घराच्या दारात एक झाड होतं. आईने पानं पाहिली, वर पाहिलं, आणि बॅग तिथेच टाकून म्हणाली, "अगं बाई, नीरफणस!"

घरमालकीण नेमोन हसली. तिला शब्द कळला नाही, सूर कळला. तिने काठीने एक फळ पाडून आईच्या हातात दिलं. त्या संध्याकाळी आईने काप केले. हळद, तिखट, मीठ, तांदळाचं पीठ, आणि तव्यावर तो चुर्र आवाज. नेमोनने तोच नीरफणस अख्खा निखाऱ्यांत टाकला, काळा होईपर्यंत भाजला, दगडाने सोलला आणि वाफाळता आमच्यापुढे ठेवला. भाजल्या पावाचा आणि ओल्या लाकडाचा वास. पुढची तीन वर्षं आमच्या दोन स्वयंपाकघरांमधून ताटल्या अशाच ये-जा करत राहिल्या. रिकामी ताटली परत द्यायची नाही, हे दोन्ही बायांना कुणी शिकवावं लागलं नाही.

पाणी म्हणजे पावसाचं. नेमोनच्या घरामागे सिमेंटची टाकी होती, वर गंजलेलं लोखंडी झाकण. त्या टाकीवर बसून मी शुद्धलेखन लिहायची. बेटावर मराठी शाळा कुठली असणार! आई रोज एक पान घालायची, आणि काना-मात्रा चुकली तर ते पान पुन्हा. बाजूला नेमोनची भाचरं कोरड्या नूडल्सवर सरबताची गुलाबी पूड टाकून कडाकडा खायची. त्यांची जीभ गुलाबी, माझी बोटं शाईने निळी. पॅन्डॅनसचं फळ चघळून चघळून त्याचा ब्रश व्हायचा. केवड्याच्या जातीचं ते झाड, पण आई म्हणायची, याला आपल्या केवड्याची अक्कल नाही.

आवाज दोन. लगूनच्या बाजूचा आवाज म्हणजे कुणीतरी झोपेत कूस बदलतंय असा. आणि दुसरीकडचा, महासागराचा, दिवसभर दाराला खांदा मारल्यासारखा. पहिल्या महिन्यात झोप लागायची नाही. नंतर त्या धक्क्यांशिवाय लागेनाशी झाली. कॅरीत आलो तेव्हा पहिलं वर्षभर मी रात्री उठून बसायची. पाइनच्या झाडांना आवाजच नव्हता. अजूनही मला शांत जागी बसवत नाही. पाय हलत राहतो. मीटिंगमध्ये शेजारचे वैतागतात.

रविवारी चर्चमधली गाणी यायची, बायकांचा वरचा सूर लाटेच्याही वर चढणारा. सकाळी अंगणं झाडायचा आवाज. माती नाहीच, सगळा पांढरा चुरा, त्यावर झाडूच्या रेघा. आईने पहिल्या दिवाळीत रांगोळी काढली ती चुऱ्यात मुरून गेली. दुसऱ्या दिवाळीला नेमोन टोपलीभर खडे घेऊन आली, पांढरे आणि काळे, आणि दोघींनी बसून खड्यांचं कमळ मांडलं. ते होळीपर्यंत टिकलं.

नेमोनची आई उत्तरेच्या एका बेटावर वाढलेली. ती लहान असताना तिथे बॉम्बनंतर आभाळातून पांढरी भुकटी पडली आणि पोरं तिच्यात खेळली. नेमोनने हे मला एकदाच सांगितलं, नीरफणस सोलता सोलता, आवाज न चढवता. माझी सगळी पत्रकं त्या एका दुपारची आहेत. मी फक्त आवाज चढवला.

आणि मग तो आला आणि गेला. कारणं विचारू नका. दवाखाना होता, नर्स होती, बोट वेळेवर आली नाही, विमान आलं नाही. हे सगळं मी मोठेपणी पत्रकाच्या भाषेत मांडू शकले असते, मांडलं नाही. मला आठवतो तो ओल्या दुपट्याचा वास, खोबरेल आणि दूध. आईच्या डोक्याला बांधलेलं फडकं. बाबा दारात उभे, हात कसे ठेवायचे ते विसरलेले.

इतक्या लहान बाळाला आपल्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. पण पुरायचं कुठे? त्या बेटांवर पडीक जमीन नसते. इंच न् इंच कुणाच्या तरी आईकडून आलेला. बाबांनी विचारायच्या आधी नेमोन आली. म्हणाली, माझ्या माणसांशेजारी. घरामागे, महासागराच्या बाजूला तिच्या घराण्याची थडगी होती, आणि सगळ्यात पुढची, पाण्याकडची रांग अर्धी रिकामी होती. तिथे.

त्यांच्यात पुरल्यावर काही दिवसांनी थडग्यावर पांढरे खडे पसरायला सगळे जमतात. गाव आलं. आमच्याकडे बारसं व्हायचं होतं त्याच आठवड्यात. मी फ्रॉकच्या ओच्यात खडे भरून आणत होते, लगूनकडून महासागराकडे, पुन्हा लगूनकडे, पुन्हा महासागराकडे. खडे ओतले की सर्रर्र आवाज व्हायचा. बायका गात होत्या. आई बसून होती. एका क्षणी तिने हात पुढे केला आणि एक खडा, एकच, उचलून जरा डावीकडे सरकवला. जणू उशी नीट केली.

वर्षभराने आम्ही निघालो. अमेरिका. निघताना नेमोन आईला म्हणाली, मी बघीन. एवढंच.

क्लबहाउसमधून निघालो तेव्हा पाऊस थांबला होता. मी ड्राइव्ह करत होते. आई शेजारी बसून माझं पत्रक वाचत होती. ती माझी पत्रकं नेहमी वाचते, ऱ्हस्व-दीर्घासाठी.

"हा फोटो कुठून आणलास?"

"आमच्या ग्रुपच्या फोल्डरमधून. का?"

"कुणी काढला?"

"कुणीतरी पाठवला, आई. मोठ्या उधाणानंतर लोक पाठवतात. असे शेकडो असतात."

"शेकडो," आई म्हणाली. मग फोटोच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ही टाकी नेमोनची."

मी एका औषधाच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी घातली. दिवा लावून बघितलं. सिमेंटची टाकी, अर्धीच दिसणारी. गंजलेलं लोखंडी झाकण. त्याच्यावर बसून मी तीन वर्षं काना-मात्रा गिरवल्या, आणि मी तो फोटो आठवडाभर स्क्रीनवर इकडे तिकडे सरकवला, उजळ केला, त्यावर अक्षरं बसवली, आणि मला ओळखू आलं नाही. मला किनारा दिसत होता. उदाहरण दिसत होतं. पत्रकवाल्याला झाडही पुरावा म्हणूनच दिसतं.

"हे चित्र तू कापलंयस ना?" आईने विचारलं. "इथे डावीकडे अजून असायला हवं."

"हो."

"का कापलंस?"

"मथळा बसत नव्हता."

आईने पत्रकाची घडी घातली. माझ्यापेक्षा नीट. मग म्हणाली, "घरी चल, अख्खं दाखव."

घरी लॅपटॉपवर मूळ फोटो उघडला. कापलेल्या भागात काय होतं? पाणी. टाकी, मग नीरफणसाचं खोड, मग थडग्यांची एक वाकडीतिकडी रांग, आणि तिच्या पुढे, जिथे अजून एक रांग असायला हवी, तिथे फेसाळ पाणी. आईने चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. पाणी बदललं नाही.

"आई, तिथे आता काही नसेल," मी म्हटलं. मला गप्प बसता येत नाही.

"नसेल तर नसलेली जागा बघीन. तू काही बोलू नकोस."

सकाळी काकांचा ग्रुपवर मेसेज: "आपल्या क्रांतिकारक कन्येच्या पत्रकाला उत्तम प्रतिसाद! नऊ नावांपैकी पाच गळाली. रविवारपर्यंत आठ झाले नाहीत तर बोट सोडून देतोय. सर्वांनी कन्येचं अभिनंदन करावं." खाली टाळ्यांचे हात. एकाने अंगठा दिला. आईने तो मेसेज ओट्यापाशी उभ्याने वाचला, फोन पालथा ठेवला आणि कुकरची शिटी लावली.

आयुष्यात पहिल्यांदा माझं पत्रक इतकं लागू पडलं होतं. पाच माणसांनी बेत बदलला! गटात सांगितलं असतं तर पेढे मागितले असते. मी ते दिवस घरात येरझाऱ्या घालत काढले. खाली, वर, गराजमध्ये, पुन्हा खाली. बाबा आठवडाभर टेक्सासात अर्विंगला प्रोजेक्टवर असतात, त्यांना फोन केला. त्या रांगेबद्दल सतरा वर्षांत त्यांनी एक शब्द काढलेला नाही.

"तिला नको नेऊस," ते म्हणाले.

"मी नेत नाहीये. ती जातेय. आणि मी ते मोडलंय."

मागे कुठल्यातरी रेस्टॉरंटात ताटल्या वाजत होत्या. मग म्हणाले, "मग जोड." आणि फोन ठेवला.

आर्कन्सॉत स्प्रिंगडेल नावाचं गाव आहे. तिथे इतके मार्शलीज आहेत की दुकानात शिरलं की कानावर 'याक्वे' पडतं. नमस्कार, प्रेम, निरोप, सगळ्याला तोच शब्द. नेमोनची भाची, गुलाबी जिभेवाली, आता तिथे कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला आहे. वर्षा-दोन वर्षांनी आमचं बोलणं होतं. तिला मी विचारलं, सरळ विचारलं, मावशीला विचार की पहिली रांग आहे की गेली. बेटावर फोन लागायला दोन दिवस गेले.

मग भाचीने नेमोनचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला. म्हातारा झालेला, पण तोच, न चढणारा. भाचीने इंग्रजीत समजावलं, मी आईला मराठीत.

नेमोन म्हणत होती: पहिली रांग पाण्यात आहे. पण पाणी माझंच आहे.

हे त्यांच्या जमिनीचं आहे, सांगायला हवं. आपल्याकडे जमीन कुंपणापाशी संपते. त्यांच्याकडे जमिनीची पट्टी बेटाच्या आरपार जाते, लगूनपासून महासागरापर्यंत, आणि काठावर थांबत नाही. खडकावरून पुढे पाण्यात जाते, माणूस छातीएवढ्या पाण्यात उभा राहू शकेल तिथपर्यंत. तिथपर्यंतचा मासा त्या घराचा, शिंपला त्या घराचा, दगड त्या घराचा. नेमोनने मला लहानपणी हात धरून तिची पट्टी चालवली होती, हे मला तो आवाज ऐकताना आठवलं. लगूनकडून निघालो, घरातून, स्वयंपाकघरातून, थडग्यांमधून, आणि मग सरळ पाण्यात. घोटा, गुडघा, कंबर. माझ्या हनुवटीला पाणी लागलं तेव्हा ती तिच्या छातीवर थाप मारून म्हणाली, इथपर्यंत. इथपर्यंत आम्ही.

"बाळाचा चौथरा पडला, पण जागचा हलला नाही," नेमोन पुढे सांगत होती. "ओहोटीला मी जाते. छातीएवढं पाणी असतं. तोंड आत घातलं की दिसतो. खडे वाहून जातात, मी नवे नेऊन टाकते. तो माझ्या जमिनीवरच आहे. आईला सांग, मी म्हटलं होतं बघीन."

आईने ते तीनदा ऐकलं. तिला भाषा तशी कळत नाही, पण तीन वर्षांची शेजारीण होती. तिसऱ्यांदा ऐकताना तिने आपल्याच छातीवर हात ठेवला, पाणी कुठे लागेल ते मोजल्यासारखा.

काकांच्या घरी गेले तेव्हा ते गराजमध्ये डाइव्हिंगचे सूट वाळत घालत होते. ओल्या रबराचा वास, खाणीच्या गाळाचा वास.

"या, कॉम्रेड," काका म्हणाले. "आता काय, ऑक्सिजनचा निषेध?"

"हवा असते सिलिंडरमध्ये काका, ऑक्सिजन नाही. तुम्हीच सांगितलं होतं."

"बघ, ऐकतेस तू. काय हवंय?"

मी सांगितलं. सगळं. मला हळू सांगता येत नाही, मी भाषण केल्यासारखं सांगितलं, मुद्दा एक, मुद्दा दोन, आणि मुद्दा तीनला मला पुढे बोलता येईना. काकांच्या हातात एक सूट होता, तो त्यांनी खुर्चीवर ठेवला. मग उचलून पुन्हा दोरीवर टाकला.

"वहिनींनी कधी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"आम्ही कुणीच नाही."

"मी विचारलं होतं ना त्यांना, पोहता येत नाही तर बोटीवर बसून काय करणार. तर म्हणाल्या, मी बसायला येत नाहीये भाऊजी." काकांनी सुटाची बाही सरळ केली. मग म्हणाले, "माझी बोट तुझ्या पत्रकाने बुडवलीय. तूच वर काढ. पाच घरं आहेत, यादी देतो."

"माझी अट आहे."

"आलीच. बोल."

"बॉम्बची स्लाइड काढायची. आणि किनाऱ्यावर पाय ठेवायच्या आधी ज्याची पट्टी असेल त्याला विचारायचं. पाण्यातसुद्धा. जिथपर्यंत उभं राहता येतं तिथपर्यंत त्यांचं."

"आणि त्याच्या पुढे?"

"त्याच्या पुढे तुम्ही डाइव्ह मारा."

काका हसले, पण त्यांनी ते लिहून घेतलं. गराजच्या भिंतीवरच्या फळ्यावर, डाइव्हिंगच्या खोली-वेळेच्या तक्त्याखाली, मराठीत.

पाच घरं मी फिरले. दारात उभी राहून, स्वतःच्या पत्रकाविरुद्ध. एका काकू म्हणाल्या, "तूच म्हणालीस ना, लाज वाटायला हवी?" म्हटलं, "हो, म्हणाले. लाज वाटू द्या आणि या." एका दारात माझ्याच वयाचा एक जण, इथेच जन्मलेला, माझं बोलणं पूर्ण ऐकून म्हणाला, "सो यू वर राँग?" नाही, मी चूक नव्हते. अजूनही म्हणते, त्या बेटांवर जे केलं तो गुन्हा आहे, आणि जे चाललंय तोही. फक्त मी एक किनारा कापला होता. ते त्याला कसं सांगायचं? म्हटलं, "माझी आई जातेय. तुझी जागा तिची बोट वाचवते." तो म्हणाला, "ओके." चार नावं परत आली, पाचव्या घराने दार उघडलं नाही. चार आणि चार, आठ. मग माझंही लिहिलं. माझ्या गटातले काय म्हणतील ते मला माहीत आहे. मीच म्हटलं असतं.

आता शनिवारी सकाळी आम्ही कम्युनिटी पूलला जातो. क्लोरीनचा वास, भिंतीवर निळे झेंडे, दूरच्या लेनमध्ये पोहणाऱ्यांच्या पायांचा एकसारखा फटफट आवाज. आईने दुकानातून लांब बाह्यांचा काळा पोशाख आणलाय, त्यावर ती पहिल्या दिवशी ओढणी घेऊन आली होती. गेल्या शनिवारी ती छातीएवढ्या पाण्यात उभी राहिली. पहिल्या आठवड्यात गुडघा, दुसऱ्यात कंबर. काका तिच्या समोर उभे, मी बाजूला. मी तिचा दंड धरला होता.

"वहिनी, मास्क आहे, नाकात पाणी जाणार नाही. फक्त तोंड आत. तीन मोजतो."

आईने तोंड आत घातलं आणि लगेच वर आली, खोकत, केस कपाळावर चिकटलेले. शेजारच्या लेनमधल्या बाई थांबून बघायला लागल्या. मी म्हटलं, "आई, आज पुरे."

"काय दिसलं, वहिनी?" काकांनी विचारलं.

"काही नाही."

"डोळे उघडे होते का?"

आई श्वास घेत उभी राहिली. मास्कच्या आत तिचे डोळे लाल झाले होते.

"मिटले होते," ती म्हणाली. मग माझी बोटं तिने आपल्या दंडावरून एकेक करून सोडवली. "आता उघडे ठेवते."

आणि पुन्हा आत गेली. काका मोजायला लागले. तीन झाले, पाच झाले, ती वर आली नाही. पाण्याखाली तिचा एक हात पुढे सरकत होता, तळाच्या फरशीवरून काहीतरी जरा डावीकडे सारल्यासारखा.